एका चुलीवर चार पथ्यं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं घर आर्वी तालुक्यातलं, खाणारी तोंडं आठ. माझ्या मुलीला सिलिॲक आहे, म्हणजे गहू कायमचा बंद. पुतण्याला फल्लीदाण्याची, म्हणजे शेंगदाण्याची ॲलर्जी. सासऱ्यांना शुगर आणि बीपी दोन्ही. गावात कोणाकडे असं काही निघालं की बाया मलाच विचारायला येतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून एकदाच लिहून काढले. मी डॉक्टर नाही. दवाखान्यात जे समजावून सांगितलं आणि चुलीपुढे जे कळलं, तेवढंच इथे आहे.

घरात तिघांची तीन पथ्यं. मग रोज तीन स्वयंपाक करायचे का?

नाही. पहिले चार महिने मी तेच केलं आणि कंबर धरून बसले. मग उलटं धरलं. जे सगळ्यांना चालतं ते मोठ्या गंजात शिजवायचं, आणि एकेकाला जे वेगळं हवं ते ज्याने त्याने ताटात घ्यायचं. वरण, भात, ज्वारीची भाकर, पालेभाजी आमच्यात कोणालाच बाधत नाही. फक्त सासऱ्यांचं प्रमाण मोजायचं. मीठ बेताचं घालते, ज्याला अळणी लागतं त्याने लोणच्याची फोड घ्यावी.

गव्हाच्या पोळ्या करायच्या असतील तर अगदी शेवटी, वेगळ्या तव्यावर, वेगळ्या पोळपाटावर. आधी पोळ्या लाटल्या की पिठाचा धुरळा ओट्यावर, फडक्यावर, भाजीच्या झाकणावर बसतो आणि तो आपल्याला दिसतही नाही. मुलीचा सराटा (उलथनं), चाळणी आणि तवा वेगळा आहे, कडीला लाल दोरा बांधून ठेवलाय. चाळणीच्या जाळीत आणि लाकडी पोळपाटाच्या चिरांत पीठ अडकून राहतं, कितीही घासा.

फल्लीदाणे मात्र आमच्या घरात येतच नाहीत. गहू आहे, दाणे नाहीत. यावर जाऊबाईशी माझं वाजलंही होतं. पण गव्हाचा कण मुलीचं आतडं हळूहळू खराब करतो, दाण्याचा कण पुतण्याचा श्वास तासाभरात कोंडू शकतो. मूल तर तिचंच होतं, तिला ते पटायला वेळ लागला नाही.

ॲलर्जी, न पचणं आणि पथ्य हे एकच का?

एकच नाही, आणि इथेच घोळ होतो. ॲलर्जीत चिमूटभरही चालत नाही. सिलिॲक ही खरं तर ॲलर्जी नाही. गहू आणि जवातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीर आपल्याच आतड्यावर उलटतं, त्यातही चिमूट चालत नाही, पण त्रास लगेच दिसेलच असं नाही. दूध न पचणं म्हणजे दुधातली साखर पचत नाही. अशा माणसाला पेलाभर दूध बाधतं, पण वाटीभर दही किंवा ताक बऱ्याचदा सोसतं. शुगरमध्ये तर सगळा खेळ प्रमाणाचा. म्हणून "येवढुसं खाल्लं तं काय होते व?" या प्रश्नाचं उत्तर माणसागणिक वेगळं असतं. सासऱ्यांना एक गुलाबजाम दिला तर जग बुडत नाही. पुतण्याला अर्धा दाणाही नाही.

आमच्या वेळी ही थेरं नव्हती. आताच कुठून आली?

हा प्रश्न नसतो, टोमणा असतो. तरी उत्तर देते. आमच्या आजीच्या घरी रोज ज्वारीची भाकर व्हायची, पोळी सणावारी. हरितक्रांतीनंतर आणि पुढे राशनमुळे गहू रोजच्या ताटात आला. ज्याला गहू सोसत नाही त्याचा आजार उघडा पडायला आता तीन वेळचं निमित्त मिळतं. आणि पूर्वी अशी लेकरं नव्हती असं नाही. "बारकंच राह्यलं", "अंगी लागत नाही", "पोटाचं दुखणं होतं" असं म्हणून ती विसरली गेली.

माझी मुलगी चार वर्षं तशीच होती. पोट फुगलेलं, हातपाय काड्या, हिमोग्लोबिन सात. लोहाच्या बाटल्यांवर बाटल्या झाल्या. ज्या आतड्यातून लोह शोषलं जायचं तेच सपाट झालंय हे शेवटी नागपूरला गेल्यावर कळलं.

संशय आलाय. तपासणीआधी गहू बंद करून बघू का?

करू नका. आधी रक्ताची टीटीजी तपासणी, आणि गरज पडली तर आतड्याचा तुकडा काढून तपासणी, ही गहू खाणं चालू असतानाच व्हायला हवी. गहू सोडला की काही आठवड्यांत रक्तातल्या खुणा पुसट होतात आणि निदान अडकतं. मग डॉक्टर सांगतात, पुन्हा गहू सुरू करा. ते फार अवघड जातं.

गहू बंद म्हणजे नेमकं काय काय बंद?

पोळी, रवा, मैदा, शेवया, दलिया हे सगळ्यांना कळतं. फसगत पुढे आहे. कुरड्या गव्हाच्या चिकाच्या असतात, पण उन्हाळी वाळवणात ज्वारीच्या खारोड्या आणि तांदळाच्या पापडांशेजारी वाळतात, एकाच डब्यात जातात आणि एकाच कढईत तळल्या जातात. आमच्या मुलीला दोन वर्षं याचाच त्रास होता. सरगुंडे गव्हाचेच. रोडगे आणि पानगे तर गव्हाशिवाय नाहीतच. सातूचं पीठ पौष्टिक म्हणून लेकरांना देतात, त्यात गहू असतो, आणि सातू म्हणजे मुळात जव. दुधात घालायच्या पावडरींवर "माल्ट" लिहिलेलं असतं, तोही बहुतेक वेळा जवाचा.

हिंगाचं तर कोणी मनातही आणत नाही. डबीतला हिंग शुद्ध नसतो, डिंक आणि पीठ घालून बांधलेला असतो, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचं किंवा मैद्याचं असतं. वरणाच्या फोडणीतूनच रोज गहू पोटात जात होता, आणि मी मात्र पोळी बंद केली म्हणून निवांत होते. आता तांदळाच्या पिठीत बांधलेला हिंग शोधून आणते, नसला तर नुसत्या जिऱ्या-लसणावर भागवते.

चालतं ते पुष्कळ आहे: ज्वारी, तांदूळ, बाजरी, नाचणी, मका, भगर, राजगिरा, सगळ्या डाळी, पोहे, साबुदाणा. पाटवडी, गोळाभात, वडाभात, डाळकांदा, कढीगोळे यांत गहू लागतच नाही. फक्त बेसनाकडे लक्ष ठेवा. वऱ्हाडी जेवण या आजाराला जितकं सोयीचं आहे तितकं शहरी जेवण नाही, असं माझं मत आहे.

घरी ज्वारीच खातो, तरी त्रास थांबत नाही. काऊन?

चक्कीवर जाऊन उभे राहा, उत्तर तिथेच मिळेल. तुमच्या आधी कोणीतरी दहा किलो गहू दळलेला असतो. दगडांच्या फटीत, पीठ पडायच्या कापडी नळीत, खालच्या डब्यात ते पीठ बसलेलं असतं आणि तुमच्या ज्वारीबरोबर घरी येतं. वरून आपल्याकडे गव्हात मूठभर सोयाबीन टाकून दळायची पद्धत आहे, म्हणजे सोयाबीनची ॲलर्जी असलेल्यालाही हीच वाट.

मी पहिलं वर्ष सासूबाईंचं जुनं जातं काढलं. खांदे भरून यायचे. मग पैसे साठवून घरघंटी घेतली, आणि तिच्यात गव्हाचा दाणा आजवर गेलेला नाही. गव्हाचं दळण चक्कीवर, ज्वारी-तांदूळ-डाळ घरी. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी चक्कीवाल्या भाऊंशी बोलून ठेवावं. सकाळी चक्की झाडून घेतल्यावर पहिला नंबर लावायचा, आधी आपलेच दोनतीन किलो तांदूळ दळायचे, ते पीठ ढोरांना घालायचं आणि मग आपलं दळण टाकायचं. हेही शंभर टक्के नाही, पण काहीच न करण्यापेक्षा खूप बरं.

ज्वारी दळायच्या आधी निवडायलाच हवी. मळणी यंत्र एका वावरातून दुसऱ्या वावरात जातं, पोती तीच असतात. कोपरात, म्हणजे परातीत, मूठ मूठ पसरून बघा, पायलीमागे चारदोन गव्हाचे दाणे मला हमखास सापडतात.

डाळीचं बेसनही घरीच दळा. त्याला आणखी एक कारण आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे धानाच्या बांधीत लाखोळी नावाची डाळ होते आणि स्वस्त बेसनात ती मिसळली जाण्याची भीती जुनीच आहे. लाखोळीचा ॲलर्जीशी संबंध नाही. तीच डाळ मुख्य जेवण म्हणून महिनोन्‌महिने खाल्ली तर पाय लुळे पडू शकतात, म्हणून 1961 मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली होती. महाराष्ट्राने ती पुढे उठवली. अधूनमधून वाटीभर खाणाऱ्याने घाबरायचं कारण नाही.

भाकर तुटते. लेकरू डब्यात नेतं तर दुपारी तुकडे होतात.

पीठ जुनं असेल. ज्वारीचं पीठ आठदहा दिवसांवर गेलं की त्याची विरी जाते, मग कितीही मळा, कडा फाटतातच. थोडं थोडं दळा.

डब्याच्या भाकरीसाठी मी पाणी खळखळ उकळते, चिमूटभर मीठ टाकते आणि पिठावर ओतून पाच मिनिटं झाकते. हाताला सोसवेल इतकं गरम असतानाच तळहाताच्या टाचेने रगडायचं. गोळा मऊ आणि गुळगुळीत झाला, बोटाने दाबला तरी कडेला चीर पडली नाही, की थापायला घ्यायचा. खाली भुरभुरायला पीठ ज्वारीचंच. सवयीने हात गव्हाच्या डब्याकडे जातो, त्यासाठी तो डबाच दुसऱ्या फळीवर ठेवा. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पाणी पुरतं सुकायच्या आत उलटायची. डब्यात घालताना फडक्यात गुंडाळली तर दुपारपर्यंत लवचीक राहते.

पोळ्याला पुरणपोळी नाही म्हणजे सणच नाही. काय करायचं?

पहिल्या पोळ्याला मुलगी म्हणाली, "बैलालाही मिळते, मलाच नाही." त्या दिवशी माझाही घास गिळला गेला नाही.

पुरणाची अडचण नाही, चण्याची डाळ आणि गूळच तो. अडचण पारीची. ज्वारीच्या पिठाची पारी मी तीनदा केली, तीनदा फाटली. शेवटी तांदळाच्या पिठीची मोदकासारखी उकड काढली. पाण्यात चमचाभर तूप, गरम गरमच दहा मिनिटं मळायचं. गोळ्यात पुरण भरून तूप लावलेल्या केळीच्या पानावर बोटांनी थापायची आणि पानासकट तव्यावर उलटी टाकायची. पान सुटून येतं. लाटलेल्या पोळीइतकी पातळ होत नाही, वरून तूप मात्र आपल्या पद्धतीने, वाटीने. आता सासूबाई स्वतःसाठीही तीच मागतात, दातांना सोपी जाते म्हणून.

फल्लीदाण्याच्या कुटाशिवाय भाजीला चव कशी येणार?

दाटपणासाठी भाजलेलं डाळवं (फुटाण्याची डाळ) कुटून घाला. रश्श्याला सुकं खोबरं आणि थोडी खसखस. भरल्या वांग्यात मी जवस भाजून कुटते, किंचित कडसर लागतो पण वांग्याला शोभतो. वरून सांभार, म्हणजे कोथिंबीर. तीळही छान लागतो, पण तिळाचीही ॲलर्जी असते, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. डाळवंही पहिल्यांदा विचारूनच.

उपवास हा पुतण्याचा सगळ्यात धोक्याचा दिवस. साबुदाण्याची खिचडी, भगरीबरोबरची दाण्याची आमटी, लाडू, जिथे तिथे दाणे. चतुर्थीला आमच्याकडे भगर आणि आलूची जिरं घातलेली भाजी असते.

फल्लीचं तेल चालतं का?

घाणीचं अजिबात नाही, त्यात दाण्याचा अंश राहतो. रिफाइंड तेलात तो जवळजवळ नसतो, तरी आमच्याकडे सोयाबीनचंच रिफाइंड आणतो. आणि लक्षात ठेवा, गावच्या घाणीवर जवस, तीळ, फल्ली सगळं एकाच यंत्रात निघतं. त्यामुळे तिथलं जवसाचं तेलही पुतण्याला नाही.

अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले. पित्त आहे की ॲलर्जी, कसं ओळखायचं?

नुसत्या गांधी असतील तर धीराने बघता येतं. पण काही खाल्ल्यावर मिनिटांत ते दोन तासांत ओठ-जीभ सुजली, आवाज घोगरा झाला, श्वासाला शिट्टी वाजू लागली, एकसारख्या उलट्या झाल्या किंवा लेकरू मलूल पडलं, तर पित्त म्हणत बसू नका.

आमच्याकडे हे एका संक्रांतीला झालं. शेजारून तिळाचे लाडू आले, त्यात दाण्याचा कूट होता. पुतण्या तेव्हा पाच वर्षांचा. आधी ओठ खाजवायला लागला, मग खोकला. सासूबाईंनी आमसुलाचं पाणी आणलं, कोणी दृष्ट काढायला मीठ-मोहरी घेतली. त्यात वीस मिनिटं गेली. "काकू" म्हणाला तेव्हा आवाज त्याचा वाटलाच नाही. प्राथमिक आरोग्य केंद्र नऊ किलोमीटर. तिथे सिस्टरने मांडीत ॲड्रेनलिनचं इंजेक्शन दिलं आणि दहा मिनिटांत रंग परत आला. त्यानंतरही त्याला लगेच सोडलं नाही, कारण काही तासांनी झटका पुन्हा येऊ शकतो.

यातून जे शिकले ते असं. जीव वाचवणारं औषध ॲड्रेनलिन, सिट्रिझिनची गोळी नव्हे. गोळीने खाज कमी होते, घसा उघडत नाही. 108 ला लगेच फोन लावा आणि "ॲलर्जीने श्वास अडकतोय" हेच शब्द वापरा. गाडी येईपर्यंत पाय थोडे उंच करून निजवा. दम लागत असेल तर बसू द्या, पण उभं करू नका, चालवू नका. पाणी, ताक, आमसूल काही पाजू नका. आणि आधीच, बरं असताना, आपल्या आरोग्य केंद्रात जाऊन हे इंजेक्शन ठेवलेलं असतं का, रात्री कोण असतं, हे विचारून या.

गाईचं दूध बाधतं. शेळीचं देऊ का?

दुधाची ॲलर्जी असेल तर नाही. गाय, म्हैस, शेळी यांच्या दुधातली प्रथिनं इतकी सारखी आहेत की एकाची ॲलर्जी असलेल्या बहुतेक लेकरांना दुसरंही बाधतं. शेळीचं हलकं असतं हे ऐकून ऐकून आपण धरून बसलोय. तान्ह्या बाळाला काय द्यायचं हे डॉक्टरच ठरवतील, शेजारीण नाही.

ज्वारीची भाकर खाल्ली की शुगर वाढत नाही म्हणतात. खरं का?

वाढते. ज्वारीतही पिष्ट आहे, तंतू जरा जास्त म्हणून थोडी सावकाश वाढते, एवढंच. मी माझ्या हातच्या भाकरीचं पीठ एकदा तोललं, पाऊण पाव भरलं. सासरे अशा तीन खायचे आणि वर म्हणायचे, "ज्वारी हाय, साधी हाय." आता एक भाकर, दोन वाट्या भाजी, वाटीभर घट्ट वरण, काकडी. भूक राहिली तर आणखी भाजी. पहिल्या महिन्यात रोज भांडण व्हायचं.

गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने एकादशीला उपाशी राहण्याआधी डॉक्टरांना विचारावं, शुगर एकदम खाली जाऊन घेरी येते. आणि साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्याला हलकं समजू नका.

बीपीला सैंधव चालतं ना?

सैंधवही मीठच, त्यातही सोडियम तेवढंच. दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चहाचा चमचा, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा. त्यात पापड, लोणचं, खारोड्या सगळं आलं. दुकानात "कमी सोडियम" म्हणून मीठ मिळतं, त्यात पोटॅशियम असतं. किडनीचा त्रास असलेल्याला ते घातक ठरू शकतं, विचारल्याशिवाय आणू नका.

सिकलसेल असलेल्या लेकराला वेगळं जेवण लागतं का?

सिकलसेल म्हणजे रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा जन्मजात आजार. आपल्या भागात हा प्रश्न बराच येतो. जेवण घरचंच, सकस. पाणी मात्र भरपूर. मे महिन्यात पारा 45 वर जातो तेव्हा अंगातलं पाणी कमी होऊन दुखण्याचा झटका येऊ शकतो. पाण्याची बाटली, ताक, आंबील सोबत असू द्या. फॉलिक ॲसिडची गोळी सांगितली असेल तर चुकवू नका. लोहाचं औषध मात्र "रक्त कमी आहे" म्हणून मनाने देऊ नका. वारंवार रक्त चढवलेल्यांच्या अंगात लोह आधीच साठलेलं असू शकतं. नुसता वाहक असेल तर पथ्य काहीच नाही.

पाकिटावर काय वाचायचं?

साहित्याची यादी संपते तिथे ॲलर्जीची ओळ शोधा. एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या 2020 च्या नियमांप्रमाणे ग्लुटेनची धान्यं, झिंगे-खेकडे, दूध, अंडी, मासे, फल्लीदाणे आणि सुकामेवा, सोयाबीन आणि सल्फाइट यांचा उल्लेख करावा लागतो. तीळ, मोहरी, चणा त्या यादीत नाहीत, ते साहित्यातच शोधावे लागतात. "ग्लुटेन फ्री" लिहायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन हवं. बाजारातल्या सुट्या फरसाणावर काहीच लिहिलेलं नसतं, म्हणून ते आमच्याकडे नाही.

लग्नाची पंगत, भंडारा, शाळेतली खिचडी, तिथे काय?

पंगतीत वाढप्याचा हात बघा. ज्या हाताने पुरी वाढली त्याच हाताने भात. म्हणून आचाऱ्याकडे आधी जाऊन, गंजाचं झाकण उघडल्या उघडल्या मुलीचा भात काढून घेते. वरणात हिंग कोणता ते त्यालाही ठाऊक नसतं, मग वरण घरचं, स्टीलच्या डब्यात. लोक हसतात, पोरीला आता त्याचं काही वाटत नाही. भंडाऱ्यात प्रसाद नाकारायचा नसतो म्हणतात. मी तो दोन्ही हातांनी घेते, कपाळाला लावते आणि घरी आणून सासूबाईंना देते.

शाळेत मी वर्षाच्या सुरुवातीला तीन ठिकाणी सांगते: वर्गाच्या मॅडमना, मुख्याध्यापकांना आणि खिचडी शिजवणाऱ्या मावशींना. त्यातल्या मावशी सगळ्यात महत्त्वाच्या. मॅडमची बदली होते, मावशी तिथेच असतात. गेल्या वर्षी शाळेत कोणाच्या तरी वाढदिवसाला चिक्की वाटली, तेव्हा पुतण्याच्या हातातून ती त्यांनीच काढून घेतली आणि पदराची गाठ सोडून त्याला दोन बोरं दिली.